त्रेसष्ट जणांचं रक्त

'ट्रान्सफ्यूजन' नावाचं एक नियतकालिक आहे. रक्तपेढ्या चालवणारी, रक्तगट जुळवणारी, पिशव्यांचा हिशेब ठेवणारी माणसं ते वाचतात. त्या वर्तुळाबाहेर त्याचं नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं. ऑगस्ट २००२च्या अंकात त्यात एक निबंध आला. लेखक दोघं, ब्रॅड बिगरस्टाफ आणि लाइल पीटरसन. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, कीटकजन्य रोगांचा विभाग कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आहे, तिथले हे शास्त्रज्ञ. १९९९ साली न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात डासांतून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूची साथ आली होती. त्या दिवसांत तिथे रक्तदान करणाऱ्या धडधाकट माणसांपैकी किती जणांच्या रक्तात हा विषाणू फिरत असेल, याचं गणित त्यांनी मांडलं होतं. उत्तर आलं दहा हजारांत सरासरी १.८. साथ ऐन भरात असताना २.७.

तोवर रक्त चढवल्यामुळे वेस्ट नाइल झाल्याची एकही नोंद जगात नव्हती. पण धोका आहे, तो एवढा आहे, असं दोघांनी लिहून ठेवलं. अंक छापून वाचकांच्या हाती पडत होता, त्याच महिन्यात जॉर्जिया राज्यात ते गणित खरं होऊ लागलं होतं.

अपघातात जबर जखमी झालेल्या एका रुग्णाला तिथे रुग्णालयात आणलं होतं. जीव वाचवायची धडपड चालली आणि त्या धडपडीत त्या एका देहात ६३ वेगवेगळ्या रक्तदात्यांचं रक्त आणि रक्तघटक गेले. तरीही रुग्ण गेला. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला. १ ऑगस्टला हृदय, यकृत आणि दोन मूत्रपिंडं काढून चार जणांना बसवली. दोन-अडीच आठवड्यांत चौघंही आजारी पडले. तिघांना मेंदूदाह झाला, चौथ्याला नुसता ताप. तिघांपैकी एक जण दगावला.

एकाच दात्याचे अवयव मिळालेले सगळेच आजारी पडतात तेव्हा संशय आधी अवयवांवर जातो. इथे तपास पुढे सरकला तो जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळे. रुग्णालयात आणल्याबरोबर, रक्त चढवण्याआधी, घेतलेला एक नमुना शिल्लक होता. त्यात विषाणू नव्हता. अवयव काढण्याच्या अगदी आधी घेतलेल्या नमुन्यात मात्र तो होता, जिवंत, प्रयोगशाळेत वाढवता येईल असा. मधल्या काळात डास चावायला ती व्यक्ती अंगणात गेली नव्हती. ती अतिदक्षता विभागात होती आणि तिच्या शिरेत एकामागून एक पिशव्या रिकाम्या होत होत्या. मग त्या ६३ जणांचा माग काढणं सुरू झालं. त्यांच्यातल्या एकाच्या रक्तात, दान केल्यानंतर दोनेक महिन्यांनी, नुकत्याच झालेल्या लागणीची खूण सांगणारी प्रतिपिंडं सापडली.

कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून बाही वर सारून आडव्या झालेल्या माणसाच्या हातून हे घडलं होतं. या सगळ्या इतिहासात माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिथेच जातं. या गोष्टीत हलगर्जी करणारा, लबाडी करणारा कुणी नाही. संध्याकाळी अंगणात उभं असताना एक डास चावला, एवढंच.

विषाणूची स्वतःची कहाणी खूप जुनी आहे. १९३७ साली युगांडाच्या वेस्ट नाइल जिल्ह्यात, ओमोगो इथे, ताप असलेल्या एका बाईचं रक्त तपासणीसाठी घेतलं गेलं. घेणारे लोक एंटेबी इथल्या पीतज्वर संशोधन संस्थेचे. रॉकफेलर फाउंडेशनने वर्षभरापूर्वीच ती उभी केली होती. त्यांना हवा होता पीतज्वराचा विषाणू. तेव्हाची पद्धत अशी की रक्तद्रव उंदरांच्या मेंदूत टोचायचा आणि वाट बघायची. उंदीर मेले, पण पीतज्वराने नव्हे. हाती काहीतरी नवंच लागलं होतं. स्मिथबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि विषाणूला जिल्ह्याचं नाव दिलं. पुढे कळत गेलं की क्यूलेक्स जातीचे डास तो पक्ष्यांकडून पक्ष्यांकडे नेतात आणि माणूस त्या रहाटगाडग्यात चुकून सापडतो. इजिप्तमध्ये, इस्रायलमध्ये तो मिळाला. मुंबईच्या रहिवाशांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं असल्याचं १९५२ साली नोंदवलं गेलं. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, आपली 'एनआयव्ही'. म्हणजे हा विषाणू आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जवळजवळ अर्धशतक आधीपासून वावरतो आहे.

रॉकफेलरच्या याच पीतज्वर-मोहिमेत डासांचा विषाणू आणि माणसाचं रक्त यांची एक जुनी गाठ पडली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस टोचली जात होती. लशीतला विषाणू टिकून राहावा म्हणून तिच्यात माणसाचा रक्तद्रव मिसळायचे. जॉन्स हॉपकिन्समधल्या विद्यार्थ्यांनी आणि परिचारिकांनी तो आपखुशीने दिला होता. १९४२ साली कावीळ झालेल्या सैनिकांनी लष्करी रुग्णालयं भरून गेली, रुग्ण पन्नास हजारांच्या घरात. पीतज्वर कुणालाच झाला नव्हता. देणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे १९८०च्या दशकात जुन्या सैनिकांची रक्तं तपासली, तेव्हा लागण झालेल्यांचा अंदाज तीन लाखांच्या वर गेला. लशीतला रक्तद्रव १९४२ सालीच बंद झाला होता. पण निरोगी दिसणाऱ्या, भल्या माणसाच्या रक्तात काय दडलेलं असू शकतं हे त्या सैनिकांच्या काविळीने दाखवलं होतं आणि जगाला ते पुन्हा पुन्हा शिकावं लागलं.

आणखी एक प्रकरण आहे. ते लिहिताना हात जड होतो, पण ते वगळून हा इतिहास पुरा होत नाही. १९५०च्या दशकात न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत चेस्टर साउथम आणि ॲलिस मूर यांनी कॅन्सर पुढच्या टप्प्याला गेलेल्या रुग्णांना वेस्ट नाइल विषाणू मुद्दाम टोचला. विषाणू गाठी नष्ट करेल अशी आशा होती. काहींना मेंदूदाह झाला. आज कोणतीही नैतिक समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. त्या रुग्णांच्या रक्तात विषाणू किती दिवस राहिला याच्या नोंदी मात्र राहिल्या. पन्नास वर्षांनी बिगरस्टाफ आणि पीटरसन क्वीन्सचं गणित करायला बसले तेव्हा माणसाच्या रक्तातले ते दिवस मोजायला दुसरं फारसं काही उपलब्धच नव्हतं. त्यांनी त्याच नोंदी वापरल्या. दहा हजारांत १.८ या आकड्याच्या तळाशी ती मरणाच्या दारातली माणसं आहेत.

क्वीन्समधल्या फ्लशिंगला आपल्यापैकी अनेक जण गेलेले असतील. बाऊन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ अमेरिकेतल्या मराठी घरांना चांगलं ठाऊक आहे. त्याच फ्लशिंगमधल्या रुग्णालयात संसर्गरोगतज्ज्ञ डेबोरा ॲस्निस यांच्यापुढे ऑगस्ट १९९९मध्ये मेंदूदाहाचे दोन वयस्क रुग्ण आले. ताप, गोंधळलेपण आणि हातापायांतली शक्ती गेलेली. हे नेहमीचं नाही असं वाटून त्यांनी २३ ऑगस्टला शहराच्या आरोग्य खात्याला फोन केला. एक फोन, पण वेळेवर केलेला. खात्याने शोधाशोध केली तेव्हा आसपास आणखी रुग्ण सापडले, बहुतेक संध्याकाळी घराबाहेर बसणारे. सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं की हा सेंट लुइस मेंदूदाह आहे. तो अमेरिकेतलाच, डासांचाच. हेलिकॉप्टरं कीटकनाशक फवारू लागली.

त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅक्नमारा शवविच्छेदन करत होत्या आणि त्यांना पक्ष्यांच्या मेंदूत रक्तस्राव दिसत होते. मग संग्रहालयातले फ्लेमिंगोही गेले. सेंट लुइसच्या विषाणूने पक्षी असे मरत नाहीत. घोड्यांना होणाऱ्या मेंदूदाहाचा विषाणू म्हणावा, तर त्याला चटकन बळी पडणारे एमू संग्रहालयात ठणठणीत उभे होते. माणसांची साथ आणि पक्ष्यांची साथ एकच आहे, असं त्या सांगत राहिल्या. माणसांचा रोग बघणारी खाती आणि जनावरांचा रोग बघणारी खाती वेगळी, त्यामुळे त्यांचं म्हणणं लागलीच कुणी मनावर घेतलं नाही. अखेर सप्टेंबर संपता संपता नाव निश्चित झालं. युगांडातल्या जिल्ह्याचं नाव. पश्चिम गोलार्धात हा विषाणू याआधी कधी दिसला नव्हता आणि त्याचा वंश आदल्या वर्षी इस्रायलमध्ये एका हंसात सापडलेल्या विषाणूशी जुळत होता. त्या उन्हाळ्यात ६२ रुग्ण सापडले, ७ मृत्यू झाले.

थंडी पडली की डास जातील आणि हाही जाईल, असं अनेकांना वाटलं होतं. तो राहिला आणि पक्ष्यांच्या पंखांवरून पश्चिमेकडे सरकला. २००२ साली अमेरिकेत ४,१५६ रुग्ण आणि २८४ मृत्यू नोंदले गेले.

लागण झालेल्या दर पाचांतल्या चौघांना काहीही होत नाही. साधारण दीडशेत एकाला मेंदूचा किंवा मज्जातंतूंचा गंभीर आजार होतो. बाकीचे तापाने दोन दिवस पडतात, नाहीतर तेही नाही. पण डास चावल्यानंतरचे काही दिवस, प्रतिपिंडं तयार होण्याआधी, विषाणू रक्तात असतोच. ज्याच्या रक्तात तो असतो, तो रोज कामावर जाणारा, रविवारी शिबिरात येणारा निरोगी माणूस असतो. रक्तदाब नीट, हिमोग्लोबिन नीट, ताप नाही. प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची चाचणी त्याच्यापुढे आंधळी, कारण ती अजून तयारच झालेली नसतात.

जॉर्जियानंतर देशभर जुने रुग्ण नव्याने बघितले गेले. रक्त चढवल्यानंतर चारेक आठवड्यांत वेस्ट नाइल झालेला प्रत्येक जण शोधला, त्याला मिळालेल्या प्रत्येक पिशवीचा दाता शोधला. रक्तपेढीत दात्याच्या पिशवीसोबत छोट्या नळ्या भरतात आणि पिशवीला जोडलेल्या प्लास्टिकच्या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे टाके मारल्यासारखे बंद करून ठेवतात. कुठे असा नमुना मिळाला, कुठे त्याच दात्याच्या न वापरलेल्या प्लाझ्माची गोठवलेली पिशवी. हिशेब पुरा झाला तेव्हा १६ दात्यांकडून २३ जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं. तांबड्या पेशींतून, प्लेटलेट्समधून, प्लाझ्मातूनही. २३ पैकी १० जण अवयवरोपण झालेले किंवा कॅन्सरचे, प्रतिकारशक्ती खालावलेले होते आणि ८ जण सत्तरी गाठलेले. रक्ताची सर्वांत जास्त गरज ज्यांना, विषाणू सर्वांत जास्त गाठतो तोही त्यांनाच. सोळाच्या सोळा दात्यांच्या रक्तात दान करताना प्रतिपिंडं नव्हती.

मिशिगनमधल्या एका बाळंतिणीला प्रसूतीनंतर रक्त चढवलं होतं. घरी गेल्यावर तिला मेंदूदाह झाला. मधले दिवस ती बाळाला अंगावर पाजत होती. तिच्या दुधात विषाणूच्या जनुकीय खुणा सापडल्या आणि बाळाच्या रक्तात प्रतिपिंडं. बाळाला त्रास काही झाला नाही. एका डासापासून एका दात्याकडे, तिथून पिशवीत, पिशवीतून आईकडे, आईच्या दुधातून बाळाकडे, असा तो प्रवास तपासणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने कागदावर आणला.

यानंतर जे घडलं त्याच्या वेगाचं कारण एड्समध्ये आहे. १९८०च्या दशकात रक्तातून एचआयव्ही जातो आहे हे दिसत असताना रक्तपेढ्या आणि सरकारं अडखळली. मार्च १९८५मध्ये चाचणी आली तोवर अमेरिकेतल्या गंभीर हिमोफिलियाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण बाधित झाले होते. त्यावर चौकश्या झाल्या, कॅनडात तर क्रेव्हर आयोग बसला. 'पुरावा पुरेसा नाही' म्हणत थांबणं किती महाग पडतं याची किंमत कुटुंबांनी मोजली होती. त्यातूनच १९९९पासून अमेरिकेत 'नॅट' चाचणी आली होती. प्रतिपिंडांची वाट न बघता ती थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, थेंबातली त्याची किंचित खूण कोट्यवधी पटींनी वाढवून. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीसाठी यंत्रं बसलेली होती, माणसं शिकलेली होती. आता त्याच यंत्रांना वेस्ट नाइल ओळखायला शिकवायचं होतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२च्या शरदातच कंपन्यांना स्पष्ट सांगितलं, पुढचा डासांचा हंगाम सुरू होण्याआधी चाचणी हवी. जेन-प्रोब आणि रोश या दोन कंपन्या कामाला लागल्या. दरम्यान साथीच्या भागांतून गोळा केलेला गोठवलेला प्लाझ्मा रक्तपेढ्यांनी आपणहून बाजूला काढला. जुलै २००३ उजाडताना अमेरिकेतल्या सगळ्या रक्तदानांची तपासणी सुरू झाली होती, चाचणीला रीतसर परवाना नसताना, संशोधनासाठीच्या विशेष मुभेखाली. पहिला परवाना डिसेंबर २००५मध्ये मिळाला. पहिल्या सिद्ध रुग्णापासून देशव्यापी तपासणीपर्यंत एक वर्षही गेलं नाही. रक्तसुरक्षेच्या इतिहासात याला तोड सापडणं कठीण आहे.

एक युक्ती मात्र तेव्हा फसली. दात्याला विचारायचं, गेल्या आठवड्यात डोकेदुखीसह ताप आला होता का? प्रश्न शहाणपणाचा वाटत होता. प्रत्यक्षात 'हो' म्हणणारे बाधित निघत नव्हते आणि बाधित 'नाही' म्हणत होते, तेही खरंच. २००५मध्ये हा प्रश्न काढून टाकला.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. प्रत्येक पिशवी वेगळी तपासणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून ६ किंवा १६ दात्यांचे नमुने एकत्र मिसळून एकदम तपासायचे. मिश्रणात विषाणू सापडला तर मग एकेक उघडून बघायचा. यात ज्याच्या रक्तात विषाणू अगदी थोडा, त्याचा नमुना पंधरा जणांच्या रक्तात विरून जातो. २००३ साली सुमारे ६० लाख दानं तपासली आणि ८१८ बाधित दाते सापडले. तरीही सहा रुग्णांना रक्तातून लागण झाली, ती अशा विरलेल्या पिशव्यांतून. नेब्रास्का, कॅन्सस यांसारख्या होरपळलेल्या भागांत काही रक्तपेढ्यांनी त्याच उन्हाळ्यात एकेक पिशवी स्वतंत्र तपासायला सुरुवात केली. पुढे नियमच झाला, एखाद्या भागात बाधित दाते दिसू लागले की तिथे मिश्रण बंद, प्रत्येक पिशवी सुटी.

हा धडा पुढे इतर विषाणूंना लागू झाला. २००६मध्ये रियुनियन बेटावर चिकुनगुन्या असा पसरला की फ्रान्सने बेटावरचं रक्तसंकलन थांबवलं आणि रक्त मायदेशातून विमानाने आणलं. २०१३-१४च्या साथीत फ्रेंच पॉलिनेशियात १,५०५ दात्यांपैकी ४२ जणांच्या रक्तात झिका सापडला, दान करताना सगळे लक्षणांविना.

आपल्या मुलखाला यातला कोणताच विषाणू परका नाही. चिकुनगुन्याची मोठी साथ १९७३ साली बार्शीत येऊन गेली. यवतच्या डासांतून २०००मध्ये मिळालेला चिकुनगुन्याचा विषाणू पुण्यातल्या शीतकपाटात होता. २००६च्या देशव्यापी साथीनंतर त्याचा वंश तपासला, तेव्हा कळलं की ज्या आफ्रिकी वंशाने हाहाकार केला तो इथे आधीच पोचलेला होता. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी बंधनकारक आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गरमी आणि मलेरिया. मलेरिया त्या यादीत आहे, म्हणजे डास आणि रक्त यांचं नातं आपण फार पूर्वी मान्य केलेलं आहे. डेंग्यू त्यात नाही. गणेशोत्सवातली मंडळांची शिबिरं ऐन डेंग्यूच्या दिवसांत भरतात आणि तिथे राखणीला असतो तो अर्जावरचा प्रश्न आणि डेंग्यू होऊन गेलेल्याला सहा महिने थांबवण्याचा नियम. ज्याला डेंग्यू झाल्याचं कळलंच नाही, तो त्यातून सहज पार होतो. ब्राझीलमध्ये २०१२च्या साथीत याचा नीट अभ्यास झाला. बाधित पिशव्या मिळालेल्या आणि डेंग्यू पूर्वी न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना लागण झाली, पण त्यांची प्रकृती इतरांपेक्षा ठळकपणे बिघडलेली दिसली नाही. म्हणून उद्या सकाळी सगळीकडे नॅट बसवा, असं मी म्हणणार नाही. ती महाग आहे आणि त्याच पैशांत तालुक्याच्या रक्तपेढीला करण्यासारखं बरंच काही उरतं. पण नमुने राखून ठेवणं, रक्त चढवल्यानंतर आठवडाभराने आलेला ताप लिहून घेणं, तो रक्तपेढीला कळवणं, याला यंत्र लागत नाही. जॉर्जियाचं कोडं सुटलं ते सर्वांत आधी राखलेल्या नमुन्यावर.

आणि ते ८१८ जण. रक्तपेढीतून त्यांना फोन गेले, की तुमच्या रक्तात वेस्ट नाइल आहे, पिशवी आम्ही वापरलेली नाही. त्यांच्यातल्या आणि पुढच्या वर्षांत सापडलेल्या अनेकांना विचारलं गेलं, पुन्हा पुन्हा याल का, थोडं थोडं रक्त द्यायला? ते आले. त्या नमुन्यांवरून कळलं की मिश्रणात पकडता येईल इतका विषाणू रक्तात जेमतेम सात दिवस असतो आणि पहिली प्रतिपिंडं तो दिसू लागल्यानंतर चारेक दिवसांनी येतात. साउथम यांच्या रुग्णांनंतर पन्नास वर्षांनी हे दिवस पुन्हा मोजले गेले. या वेळी मोजू देणाऱ्यांना आधी विचारलेलं होतं, आणि ती माणसं बाही वर सारून पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसली होती.